आजीचं दार बंद झालं. मुलांना सेवा शिकवताना आमचं कुठे चुकलं?

शब्बाथशाळेची_ताई

सर्वांना सलाम.

मी नऊ वर्षांपासून आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथशाळेत (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात) शिकवते. नागपुरात मेकोसाबागच्या बाजूला राहतो आम्ही. माझ्या वर्गात आठ ते तेरा वयाची मुलं आहेत. एक गोष्ट मनातून जात नाहीये. मोठी पोस्ट आहे, पण कृपया पूर्ण वाचा.

एप्रिलमध्ये बायबलमधल्या लूकचा दहावा अध्याय घेतला, चांगल्या शोमरोन्याचा दाखला : लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या माणसाजवळून दोघं पुढे निघून जातात, परका शोमरोनी मात्र थांबतो. मुलांना तो तोंडपाठ असतो. याजक आला, निघून गेला. लेवी आला, निघून गेला. एकाने सुरू केलं की बाकीचे पूर्ण करतात. म्हणून या वेळी मी दाखला सांगितलाच नाही. विचारलं, "तुमच्या घरातून निघाल्यावर शंभर पावलांच्या आत असं कोण आहे, ज्याच्या जवळून तुम्ही रोज पुढे निघून जाता?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "आमच्या बिल्डिंगमधल्या आजी. त्यांचा कूलर बंद असतो."

नागपुरात राहणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको. पारा ४५ वर गेला की कूलरशिवाय दुपार काढता येत नाही. आजींकडे कूलर आहे, बिघडलेलाही नाही, पण त्यात पाणी कोण भरणार? बिल्डिंग जुनी. नळ सकाळी साडेसहाला येतो, तासाभरात जातो, आणि तिसऱ्या माळ्यावर पाणी चढत नाही. आजींचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. खालून एक-एक गुंड (घागर) भरून त्या वर नेत होत्या. पिण्याचं, स्वयंपाकाचं झालं की दम संपायचा. कूलरला दिवसाला दोन-तीन बादल्या लागतात, त्या कुठून आणणार? ओलं लुगडं अंगावर घेऊन दुपारभर पडून राहायच्या. त्यांचे यजमान एम्प्रेस मिलमध्ये होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बाहेरगावी. आजी आमच्या मंडळीच्या नाहीत.

पुढच्या सोमवारपासून पाच मुलं पाच-पाच लिटरच्या कॅन घेऊन जिना चढायला लागली. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. पहिल्या दिवशी मी सोबत गेले होते. कूलर सुरू झाला, सुकून कडक झालेल्या ताट्यांवरून पाणी उतरायला लागलं आणि खोलीभर ओल्या गवताचा वास सुटला. आजींनी खुर्ची ओढून कूलरसमोर घेतली आणि डोळे मिटले. मुलं दारातच उभी होती, कोणी हललं नाही. त्या दिवशी मला वाटलं, नऊ वर्षांत मी जे शिकवू शकले नाही ते या पोरांनी एका सकाळी करून दाखवलं.

बाराव्या दिवशी आमच्यातल्याच एका मोठ्या माणसाने फोटो काढला. मुलगी कॅन घेऊन उभी, बाजूला आजी. केस विंचरलेले नाहीत, मागे ओट्यावर भांडी पडलेली. खाली लिहिलं, 'आमची मुलं गरीब आजीला मदत करताना. देवाची स्तुती असो.' फोटो मंडळीच्या ग्रुपवर गेला, तिथून पुढे गेला, आणि दोन दिवसांत वर्ध्याला आजींच्या बहिणीच्या सुनेपर्यंत पोचला.

तिसऱ्या दिवशी आजींनी दार उघडलं नाही. मुलांनी भरलेल्या कॅन दारापाशी ठेवल्या. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर तशाच होत्या. पाणी चहासारखं तापलेलं.

मी माफी मागायला गेले. दार अर्धंच उघडून आजी म्हणाल्या, "बाई, तुमची लेकरं गुणाची आहेत. पण मी पाणी मागितलं नव्हतं."

मुलं मला विचारून राहिली, "टीचर, आपण चांगलं केलं ना?" मला उत्तर देता येत नाहीये.

निवृत्त_गुरुजी_सदर

ताई, सलाम. मुलांनी चांगलं केलं, हे त्यांना आधी स्पष्ट सांगा. चूक मोठ्यांची होती. ती पोरांच्या माथ्यावर राहू देऊ नका.

आता दाखला पुन्हा उघडा. शास्त्र्याचा प्रश्न होता, "माझा शेजारी कोण?" म्हणजे मी कोणाला मदत करायची, त्याची हद्द आखून द्या. प्रभूने शेवटी प्रश्नच फिरवला : त्या तिघांपैकी लुटारूंच्या हाती सापडलेल्याचा शेजारी कोण झाला? शेजारी 'व्हायचं' असतं. आणि तो झाला तरी कसा? तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं. दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून दिले. एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. वर म्हणाला, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. एवढं करून त्याने नाव सांगितलं नाही. जखमी शुद्धीवर आला तेव्हा तो बहुधा निघूनही गेला असेल.

मत्तयच्या सहाव्या अध्यायात तर प्रभू सरळच सांगतो की उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये. फोटो काढायला दोन्ही हात लागतात.

एक आठवण. २९ नोव्हेंबर १९७० ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. मी सहा वर्षांचा होतो, वडिलांचं बोट धरून गेलो होतो. एकता, साक्ष, सेवा हे तिचं ब्रीद. वडील पुढे कायम म्हणायचे की यातलं तिसरं केलं की दुसरं आपोआप होतं, वेगळं करायला गेलं की बिघडतं. तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

वायरमन_जरीपटका

ताई तुमचं काम लय चांगलं आहे, पण एक गोष्ट आधी आयका. पोट्टे कूलरमध्ये पाणी टाकून राहिले का? मी पंचवीस वर्षं झाली वायरिंगचं काम करतो. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा करंट लागून जीव जातात, त्यात लहान लेकरंही असतात. लोखंडी बॉडी, खाली ओली फरशी, हात ओले, पाय उघडे. मोटर जुनी असली की बॉडीत करंट उतरते.

बटन बंद करून भागत नाही. प्लग काढा, मग पाणी टाका, मग प्लग लावा. पायात रबरी चप्पल पाहिजे. अर्थिंग तपासून घ्या. पोरांनी पाणी वर न्यावं, पण टाकायचं काम मोठ्या माणसानंच करावं. आजीकडे यायला मी तयार आहे, पैसे नको. त्या दार उघडतील तेव्हा सांगा.

शब्बाथशाळेची_ताई

दादा, हे मला सुचलंच नव्हतं. दहा-अकरा वर्षांची मुलं बादली उचलून कूलरमध्ये पाणी ओतत होती आणि मी कौतुकाने बघत होते. वाचून अंगावर काटा आला. आज सगळ्या पालकांना फोन केले. मनापासून आभार.

टीचर_मोहननगर

सलाम. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

फोटो पाहून दुसरी मुलं पुढे येतात, हा माझा अनुभव आहे. आमच्याकडे तक्ता आहे. आठवड्यात सेवेचं एक काम केलं की एक स्टार. नाताळच्या आधी ज्याचे स्टार जास्त त्याला बक्षीस. मुलं उत्साहाने करतात. मोठी माणसं तरी कुठे निव्वळ प्रीतीपोटी करतात? सवय आधी लागते, मन नंतर लागतं. आजींना विचारून फोटो काढला असता तर प्रश्नच आला नसता.

निवृत्त_गुरुजी_सदर

टीचर, सवय आधी लागते हे मला पटतं. पण स्टार कशाची सवय लावतो, हे एकदा पाहा. मत्तय २५ मध्ये उजवीकडच्यांना राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं. ते काय उत्तर देतात? "प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?" त्यांना आठवतच नाही. त्यांच्याजवळ तक्ता असता तर त्यांनी तारखा सांगितल्या असत्या.

टीचर_मोहननगर

गुरुजी, यावर दोन दिवस विचार केला. वर्गात एका मुलाला विचारलं, तू या आठवड्यात कोणाला मदत केलीस? तो म्हणाला, "मी शेजारच्या काकूंची पिशवी नेली, मग परत खाली नेली आणि पुन्हा वर नेली, म्हणजे तीन स्टार." बाकीची हसली. मला हसू आलं नाही. तक्ता काढून ठेवला आहे. त्याच्या जागी काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. कोणी सुचवलं तर आनंद होईल.

सिस्टर_रात्रपाळी

मी नर्स आहे. माझी मुलगी बारा वर्षांची. आमच्या मंडळीची मुलं रविवारी उपासनेनंतर मेडिकल हॉस्पिटलच्या आवारात पोळी-भाजीची पाकिटं वाटायची. गडचिरोली, बालाघाट, शिवनी, छत्तीसगड, कुठून कुठून लोक येतात. पेशंट आत वॉर्डात आणि घरचे बाहेर सतरंजी टाकून आठ-आठ दिवस.

एकदा एका बाईने माझ्या मुलीला पाकीट परत केलं. म्हणाली, जेवण झालं बेटा, सकाळपासून तीन जणांनी दिलं. मुलगी हिरमुसली. मग तिने विचारलं, "मग तुम्हाला काय पाहिजे?" बाईने पदराच्या गाठीतून एक कागद काढला. तपासणीसाठी दिलेली चिठ्ठी होती. कुठल्या खिडकीवर जायचं ते तिला वाचता येत नव्हतं आणि दोन दिवस ती कोणाला विचारायला घाबरत होती. मुलगी तिला खिडकीपर्यंत घेऊन गेली, रांगेत उभी राहिली, नंबर आला तेव्हा तिच्याकडून बोलली. दीड तास गेला. घरी येऊन जेवली आणि झोपली, काही सांगितलं नाही. मला ते दुसऱ्या एका सिस्टरकडून कळलं.

तेव्हापासून आमची मुलं पाकिटं कमी नेतात. मोबाईलचे चार्जर नेतात, पेन नेतात, आणि विचारतात. आमच्या गटातल्या एका मुलाच्या घरी गोंडी बोलतात. पूर्वी तो वर्गात कोपऱ्यात बसायचा, आता त्याच्याशिवाय कोणी निघत नाही. (एक-दोन मोठी माणसं कायम सोबत असतात, आणि वॉर्डात मुलांना नेत नाही. हे मी नर्स म्हणून ठामपणे सांगते.)

आंधळ्या बार्तीमयाला काय पाहिजे हे कोणालाही दिसत होतं. तरी प्रभूने त्याला विचारलंच, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आम्ही मुलांना आता मार्कचा दहावा अध्याय आधी शिकवतो, लूकचा दहावा नंतर.

इंदोऱ्याचा_शेजारी

मी बौद्ध आहे. धागा वाचत होतो, एक प्रश्न विचारतो. मनात आहे तो बोललेला बरा.

मदतीच्या मागे "आमच्या चर्चला या" असं असतं का? मुलांना तसं सांगितलं जातं का? काही लोकांना तशी शंका असते आणि आजींच्या घरच्यांनाही आली असेल. आरोप नाही करत. माझ्या घराच्या दोन्ही बाजूंना ख्रिस्ती कुटुंबं आहेत आणि २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा माझी बहीण तिकडे अडकली होती. तिच्यासाठी दोर घेऊन माझ्यासोबत निघाला तो माझा ख्रिस्ती शेजारीच.

शब्बाथशाळेची_ताई

दादा, बरं केलं विचारलं.

मुलांना आम्ही सांगतो की पाणी द्यायचं ते पाणी म्हणून. पत्रक नाही, "प्रार्थनेला या" नाही. कोणी विचारलं तू हे का करतोस, तर खरं सांगायचं : येशूने आमच्यावर प्रीती केली म्हणून. विचारलं नाही तर तेही सांगायचं नाही. पाच हजारांना जेवू घालताना प्रभूने कोणाची भक्ती तपासली नाही. आणि ज्या पोराच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या, त्याचं तर योहानाने नावसुद्धा लिहिलं नाही. सातूच्या भाकरी होत्या त्या, गरिबाघरच्या. आपल्याकडे ज्वारीची म्हणा.

पण आमच्या फोटोखाली 'देवाची स्तुती असो' लिहिलं गेलं, तेव्हा आजींच्या घरच्यांनी काय समजावं? तुमच्या प्रश्नाने ते मला आज नीट दिसलं.

इंदोऱ्याचा_शेजारी

समाधान झालं ताई. दसऱ्याला दीक्षाभूमीवर बाहेरगावची लाखो माणसं येतात, तेव्हा आमच्या वस्तीतली पोरंही पाणी वाटतात. १९५६ ला माझे आजोबा स्वतः बाहेरगावाहून पायी आले होते आणि वाटेत अनोळखी लोकांनी त्यांना पाणी पाजलं होतं. आमच्या घरी पोरांना एवढंच सांगतात, ज्याला पाणी देशील त्याच्याकडे खाली पाहू नको, ग्लास दोन्ही हातांनी दे.

बाप_तेरा_वर्षांच्या_पोराचा

ताईंच्या त्या पाच मुलांत माझा मुलगा आहे. या प्रकारानंतर तो म्हणतो, मी आता कोणालाच मदत करणार नाही, लोकांना आवडत नाही. काय सांगू त्याला? जबरदस्ती करावी वाटत नाही.

पंधरा_पायऱ्या

मी ७१ वर्षांची आहे, एकटी राहते, सदरमध्येच. इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण या धाग्यावर सगळे देणारेच बोलत आहेत. मी घेणारी आहे, म्हणून लिहिते.

एप्रिल २०२१ मध्ये मला कोरोना झाला. घरात एकटी, चौदा दिवस. खालच्या घरातली दोन मुलं पायरीवर डबा ठेवायची, बेल वाजवायची आणि पळून जायची. त्यांच्या आईचा तसा दंडकच होता. त्या डब्यावर मी जगले. ते ऋण मी विसरणार नाही.

पण बरी झाल्यावरही डबा येत राहिला. मे, जून. मी नको म्हटलं की मुलं म्हणायची, "आजी, असू द्या हो." त्यांची माया होती. मला मात्र रोज संध्याकाळी बेल वाजली की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांना खाऊ घातलं होतं. आता माझ्याकडे कोणी काही मागत नव्हतं. घेत राहणं फार जड असतं, बाळांनो. देणाऱ्याला ते कळत नाही, कारण देताना हलकं वाटतं.

एक दिवस त्यातली धाकटी आली आणि म्हणाली, "आजी, आईला विदाउट मसाला वांग्याचं भरीत जमत नाही, तुम्ही शिकवाल?" मी वांगी निखाऱ्यावर भाजली, हिरवी मिरची, कांद्याची पात, वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. ती वाटी घेऊन खाली गेली तेव्हा मी चार वर्षांनी गुणगुणले.

शोमरोनी बाई विहिरीवर आली तेव्हा प्रभूने तिला आधी काय म्हटलं? "मला प्यायला दे." त्याने आधी मागितलं. जिवंत पाण्याची गोष्ट नंतर काढली.

मुलाला सांगा, आजींना तुझी मदत नकोशी झालेली नाही. मदत घेणारी बाई एवढीच आपली ओळख उरली, हे त्यांना सहन झालं नाही. आणि ताई, त्या आजींच्या घरात काय काय आहे, आठवून पाहा. तुम्ही सगळ्यांनी फक्त कूलर पाहिला.

शब्बाथशाळेची_ताई

आजी, तुमची पोस्ट मी चार वेळा वाचली. मग मुलांना गोळा करून हेच विचारलं : आजींच्या खोलीत काय होतं? कूलर, पलंग, यजमानांचा हार घातलेला फोटो, देव्हारा. आणि त्या दहा वर्षांच्या मुलीला आठवलं, "खिडकीखाली पायमशीन आहे. तिच्यावर चादर आणि चादरीवर औषधाच्या बाटल्या."

बारा दिवस मी त्या खोलीत जात-येत होते. ते मशीन मला दिसलं नव्हतं.

शब्बाथशाळेची_ताई

अकरा दिवसांनी लिहिते आहे.

शुक्रवारी व्हीबीएसचा (मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेचा) समारोप होता. त्याच मुलीच्या पांढऱ्या फ्रॉकचा घेर एका बाजूने उसवला होता, खरोखरच उसवला होता, मुद्दाम केलेलं नव्हतं. तिच्या आईकडे मशीन नाही. मुलगी एकटीच तिसऱ्या माळ्यावर गेली, मी खालच्या वळणावर थांबले. दार वाजलं. बराच वेळ काही नाही. मग कडी निघाली.

मुलगी म्हणाली, "आजी, उद्या घालायचा आहे. शिवून द्याल का?"

आजींनी फ्रॉक हातात घेतला, उलटा केला, शिवण पाहिली आणि म्हणाल्या, "कोणी शिवलं हे? टाके बघ केवढे लांब." मग औषधाच्या बाटल्या एकेक करून पलंगावर ठेवल्या, चादर काढली. मशीनला तेल नव्हतं. मुलगी धावत खाली येऊन माझ्याकडून खोबरेल घेऊन गेली, आणि आजींनी ते परत पाठवलं. म्हणाल्या, खोबरेलाने मशीन जाम होते, मशीनचंच तेल आण. चौकातल्या दुकानातून आणलं. पंधरा मिनिटांनी वरून पायडलचा आवाज यायला लागला. मी जिन्यातच बसून राहिले.

वायरमन दादा रविवारी येऊन गेले. अर्थिंगची वायर तुटलेली होती, ती जोडली. आजींनी त्यांना चहा दिल्याशिवाय सोडलं नाही. फोटो काढणाऱ्या त्या माणसाने मंडळीसमोर नाही, आजींच्या दारात उभं राहून माफी मागितली, आणि फोटो जिथे जिथे पाठवला होता तिथे तिथे फोन करून काढायला लावला. सगळीकडून निघाला असेल असं नाही.

टीचर मोहननगर, तक्त्याच्या जागी काय करायचं ते मलाही सांगता येणार नाही. आमच्याकडे सध्या दर रविवारी मुलं एवढंच सांगतात की या आठवड्यात आपण कोणाकडे काय मागितलं.

तेरा वर्षांचा मुलगा काल पुन्हा कॅन घेऊन आला. उद्यापासून पाणी सुरू. आजींनी दोन अटी घातल्या आहेत. कूलरला हात कोणी लावायचा नाही, ते काम खालच्या काकांचं. आणि जिना चढताना चपला वाजवायच्या नाहीत, दुसऱ्या माळ्यावरचा मुलगा रात्रपाळी करून झोपलेला असतो.